न वाळवलेला क्षार

पडदे ओढलेल्या प्रयोगशाळेत सतरा बाटल्या मख्ख उभ्या होत्या आणि अठरावी मात्र केशरी-लाल उजळली होती! असं का, ते फक्त रेवाला ठाऊक होतं. पण सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

"खटपट्या, दिवा पुन्हा धर," आजोबा म्हणाले. यंत्रमानवाने अतिनील (डोळ्यांना न दिसणाऱ्या) किरणांचा दिवा धरला. बाटली पुन्हा उजळली.

आजोबा म्हणजे रसायनशास्त्रज्ञ डॉ. यशवंत दाभाडे. त्यांना धातूच्या फ्लोराइडचे नॅनोकण (मीटरच्या अब्जाव्या भागात मोजायचे कण) करायचे होते. असे चमकणारे कण पुढेमागे शरीरातल्या आजारी पेशी शोधायला उपयोगी पडतील, असं ते म्हणत. "आज नाही जमलं, तर सोमवारी पिवळं कपाट उघडतो," त्यांनी सकाळीच बजावलं होतं. त्या कपाटात होतं हायड्रोफ्लोरिक आम्ल. काच खाणारं आणि कातडीतून थेट हाडापर्यंत पोहोचणारं! रेवाला त्याची भयंकर भीती वाटायची. आणि तरी या बाईसाहेबांनी आज कामचुकारपणा केलाच होता.

"आम्ल न घेता फ्लोराइड येतं कुठून?" तिने वेळ काढायला विचारलं.

"या आयनी द्रवातून. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू, नाहीतर अणूंचा गट. जेवणातल्या मिठाचे आयन एकमेकांत चपखल बसतात, म्हणून त्याचा घट्ट खडा होतो. यातला एक आयन मोठा आणि वेडावाकडा. डब्यात लाडवांमध्ये फणस कोंबलास तर नीट रचता येईल का? तसंच. म्हणून हे मीठ द्रवच राहतं. दुसऱ्या आयनात बोरॉनला चार फ्लोरिन चिकटलेले. तापवलं की फ्लोराइड सुटतं, युरोपियम धातूला धरतं आणि कण तयार होतो. भोवती हाच द्रव वेढून बसतो, म्हणून कणांचा गोळा होत नाही."

"मग या खेपेला सतरा वेळा का फसलं?"

"तेच तर! युरोपियमचा क्षार मी आठ-आठ तास भट्टीत वाळवतो. पाण्याचा अंश राहू देत नाही."

"आजचा वाळवायला मला सांगितलं होतं, पण मी वाळवलाच नाही," रेवा म्हणाली. "भट्टी न लावता खेळायला गेले. शपथ, परत नाही करणार."

आता गडगडाट होणार, म्हणून तिने मान खाली घातली. आजोबा मटकन स्टुलावर बसले.

"क्षारात स्फटिकजल (स्फटिकात अडकलेलं पाणी) होतं," खटपट्या म्हणाला. "त्या पाण्यानेच बोरॉनपासून फ्लोराइड सोडवलं. पाणी नाही, तर सुटका नाही."

"गप्प बस!" आजोबा खेकसले. मग हळूच म्हणाले, "माझी तेव्हाची मदतनीस दमयंती हेच सांगत होती. 'सर, एकदा न वाळवता बघू, बाहेरचे लोक तसंच करतात.' मी सगळ्यांसमोर म्हटलं, गबाळ्यांची कामं इथे चालत नाहीत. मग घाई झाली, तेव्हा आम्ल काढलं. आणि ओतायला तिलाच लावलं."

"मग?"

"दोन बोटं गेली तिची. आणि मी बत्तीस वर्षं क्षार वाळवत बसलोय."

रेवाला आजोबांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि चांगलाच. "फोन करा त्यांना."

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच."

आजोबांनी खटपट्याकडून नंबर लावून घेतला. "दमयंतीबाई, दाभाडे बोलतोय. न वाळवता झालं."

पलीकडून बाईंचा आवाज आला. "बत्तीस वर्षं लागली, सर?"

"हो. चुकलो मी. पिवळ्या कपाटातली बाटली सोमवारी परत पाठवतोय."

"तेव्हा पाठवायची होती," बाई म्हणाल्या.

 रेवाने आजोबांच्या हातून फोन घेतला. "नोंदवहीत या पद्धतीला तुमचं नाव देतो आम्ही."

"नावाचं राहू दे, बाळ. हातात मोजे आहेत का तुझ्या?"

रेवाने आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं. "नाहीत."

"अजून तसंच का तिथे? आधी मोजे घाल, मग माझ्याशी बोल."

खटपट्याने मोजे आणून दिले. ते बोटांना मोठे होत होते, म्हणून घालायला वेळ लागला. तोवर बाईंनी फोन ठेवला नाही.