समुद्राकडची रांग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा बोलायला लागले की मला मध्ये कुणी तोंड घातलेलं खपत नाही.

मी नर्स. सगळी हयात सरकारी इस्पितळात गेली. माझा भाचा डॉक्टर. परदेशात समुद्रकाठच्या एका वस्तीत दवाखाना उघडायला त्याचं सेवापथक निघालं, तेव्हा म्हणाला, "मावशी, तू चल. तुझ्याशिवाय रांग कोण आवरणार?" निवृत्त बाईला आणखी काय हवं? निघाले.

पहिला आठवडा खोकी फोडण्यात आणि फडकी मारण्यात गेला. जागा म्हणजे मासे साठवायची जुनी खोली. कितीही फिनेल ओता, भिंतींचा खारट वास हलायचा नाही. एक दार वस्तीकडे, एक समुद्राकडे. समुद्राकडचं दार खिळे ठोकून बंद केलं होतं. मी ते उघडवलं, कारण दवाखान्यात हवा खेळायला हवी. बाहेरच्या ओट्यावर पेशंटसाठी लांबलचक बाक मी एकटीने ओढत नेऊन ठेवलं.

तिथली एक बाई आमची दुभाषी होती. मला अक्का म्हणायला शिकली होती. बाक बघून तिचा चेहरा उतरला.

"अक्का, धुकं आलं की हे दार लावत जा. आणि या दारातून हाक मारू नका. मारायचीच तर नाव घेऊन. बिननावाच्या हाकेला कुणीही येतं."

"बरं बाई," मी म्हटलं आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

आता माझी गंमत बघा. त्यांच्या भाषेतले मी दोनच शब्द शिकले होते: 'पुढचा या.' दवाखाना चालवायला आणखी काय लागतं?

त्या दिवशी भरदुपारी धुकं आलं. जाळी विणणाऱ्या बाईची लहान मुलगी आमच्या एकुलत्या एका खाटेवर होती. न्यूमोनिया. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मोठ्या इस्पितळात न्यायला बोट हवी, आणि धुक्यात बोट निघेना. ऑक्सिजन लावला होता. धुकं निवळेपर्यंत पोरीला तगवायचं, एवढंच आमच्या हातात होतं.

मी तिला इंजेक्शन दिलं, सुई टाकली, हात पुसले. आणि आयुष्यभराची खोड! मान वळवून समुद्राकडच्या दारातून खणखणीत आवाजात ओरडले, "पुढचा या!"

बाहेर चिटपाखरू नव्हतं. नुसतं पांढरं.

मग बाक करकरलं. कुणी टेकलं की करकरतं ना, तसं. थोड्या वेळाने पुन्हा... मग आणखी पलीकडे... कुणीतरी सरकून जागा करून देत असल्यासारखं. दारातून ओल्या दोरखंडाचा, कुजक्या शेवाळाचा वास आत आला.

"वाऱ्याने असेल," भाचा म्हणाला. "बाक आत घेतो." तो बाहेर गेला, वाकला आणि तसाच परत आला. चेहरा पांढराफटक. "मावशी... ते उचलत नाहीये. माणसं बसलेलं बाक असतं तसं... जड आहे."

खोली गारठली. पोरीचे ओठ निळे पडू लागले. नळी जागेवर, सिलिंडर भरलेलं, तरीही.

दुभाषी कुजबुजली, "अक्का, तुम्ही बोलावलंत त्यांना... आता आत जागा द्यावी लागणार. खाट एकच आहे."

हेच तिने त्यांच्या भाषेत सांगितलं मात्र, पोरीची आई नळी काढून पोरीला उचलायला धावली. खाट रिकामी केली तर पोर वाचेल, असं वाटलं बिचारीला. ती नळी निघाली असती तर पोर तिच्या मांडीवरच गेली असती. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मावशी, दार लाव गं!" भाचा म्हणाला.

"लावून काय होणार? बोलावलंय मी त्यांना. मीच सांगते."

खोटं कशाला बोलू, भीती वाटत होती. पण त्याहून जास्त संताप आला होता. माझ्या खाटेवरचं लेकरू! मी उंबऱ्यात कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. धुकं नाकाला लागत होतं. त्यांची भाषा येत नव्हती, म्हणून आपल्या मराठीतच सुरू केलं.

"काय हो, घाई कसली एवढी? ही रांग माझी आहे. मंत्र्याच्या मेव्हण्याला ताटकळत ठेवलंय मी, तुम्ही कोण लागून गेलात? आतला पेशंट बरा झाल्याशिवाय दुसरा आत येत नाही. बोलावलं ते मी, आता बसा म्हणतेय तीही मीच. बसा गुमान!"

सगळं थांबलं. समुद्राचा आवाजसुद्धा. मग बाक पुन्हा करकरलं. उठलेलं माणूस नाइलाजाने परत टेकतं, तसं.

मागे पोर खोकली आणि भोकाड पसरून रडली. इतकं गोड रडणं मी जन्मात ऐकलं नाही.

धुकं निवळलं तेव्हा बोटीची गरज उरली नव्हती. पोरगी बरी झाली. घरी न्यायच्या दिवशी आई वस्तीकडच्या दाराकडे निघाली, तर मी म्हटलं, चोरासारखं का जायचं? समुद्राकडूनच जा, माझ्यादेखत. लख्ख ऊन होतं. ओट्यावर, वाळूवर कुणी नाही.

पोर आईच्या कडेवर होती. बाकापाशी येताच तिने लोंबते पाय वर घेतले, पोटाशी धरले. दाटीने बसलेल्यांच्या गुडघ्यांना लागू नयेत म्हणून आपण घेतो, अगदी तसे. मी बघत राहिले.

बाक संपलं. ओटा संपला. वाळू लागली. आई पार वस्तीच्या वळणापर्यंत गेली, तरी पोरीने पाय खाली सोडले नाहीत.