रिपोर्ट ऊना का, भाऊ?

पेढा गोड आहे, मयुरी. बैस. एम.व्ही.एस्सी.ला तुझा नंबर लागला, बरं वाटलं ऐकून. शिंदखेड्यातून ढोरांच्या डॉक्टरकीत एवढं पुढं जाणाऱ्या पोरी आहेतच किती? आता तिथं गेलीस की मॅडम विचारतील, विषय कोणता घेतेस. कोणताही घे बाई. पण आमच्या योगराजनं घेतला होता तो घ्यायच्या आधी एवढं ऐकून जा. तुम्ही बाकीची पोरंही ऐका, पण मधे बोलू नका. मी पस्तीस वर्षं ढोरांच्या दवाखान्यात काढली. भुताखेताचं कोणी सांगितलं तर मी तोंडावर हसायचो. आता हसत नाही.

योगराज म्हणजे चोपड्याकडचा, माझ्या मावसभावाचा मुलगा. बापाची केळीची बाग, पण पोरगा शिकायला वेडा. त्याचा विषय होता पिसाळ. पिसाळलेलं कुत्रं गाई-म्हशींना चावतं, त्या मरतात, आणि पुष्कळदा कशानं मेल्या ते कुणाला कळतही नाही. धुळे आणि जळगाव जिल्ह्यातल्या अशा मेलेल्या ढोरांच्या मेंदूचे साठ नमुने त्याला गोळा करायचे होते. कोणाचंही जनावर गेलं की लोक मला फोन करत, मी त्याला करायचो, आणि तो मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून यायचा.

दोन हजार चोवीसच्या दिवाळीनंतर माझ्या ओळखीतल्या झिपरू आबांची गाय गेली. मी तेव्हा पोरीकडे सुरतला होतो. तिथूनच त्याला आबांचा नंबर दिला. म्हणजे त्या घरात त्याला धाडणारा मीच.

आबांचं गाव सोनगीरच्या पुढं, दोंडाईचा रस्त्यावरून आत चार किलोमीटर. घरी बायको, तानुबाई. गायीच्या तोंडातून तीन दिवस लाळ गळत होती, घोगरं हंबरत होती, चारा गिळत नव्हती. आबांना वाटलं, घशात धाट अडकलं. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घालून चाचपलं. योगराजनं मेलेली गाय पाहिली, हे सगळं ऐकलं आणि लगेच ओळखलं. पण पिसाळ हा शब्द काढला असता तर लोकांनी तिला तासाभरात पुरलं असतं, मुंडक्याला हात लावू दिला नसता. त्याची मुदत मार्चला संपत होती. नमुने झाले होते चाळीस.

तो म्हणाला, "आबा, घशात काय होतं ते बघायला लागेल. कापावं लागेल."

आबांनी गायीच्या कपाळावरून हात फिरवला. मग म्हणाले, "काप भाऊ. पन तिले काय व्हयनं व्हतं, ते माले सांगज्या."

हात धुताना त्यांच्या मनगटावर योगराजला ओरखडा दिसला. दात लागला होता. योगराज म्हणाला, "साबणानं नीट धुवा आबा. रिपोर्ट आला की मी स्वतः सांगायला येतो."

एवढंच म्हणाला. आजच्या आज धुळ्याला जाऊन सुई घ्या, असं म्हणाला नाही. ते म्हणायला एक श्वास पुरला असता, मयुरी.

कॉलेजात त्याच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, तपासणीचा संच एकदा उघडला की टिकत नाही, साठही होऊ दे, एकदम तपासू. एक्केचाळीस नंबरची बाटली फ्रीजरमध्ये गेली. योगराज बेचाळिसाव्याच्या मागं लागला. त्याला आबांची आठवण यायची नाही असं नाही. यायची. उद्या फोन करू म्हणायचा. असे सत्तर-पंचाहत्तर उद्या गेले.

आता ती रात्र. बावीस जानेवारी, दोन हजार पंचवीस, बुधवार. साठ नमुने पुरे झाले होते, संच उघडला होता. त्या दिवशी सकाळी त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली एक्केचाळीस नंबरची काच धरली. पिसाळ असली की अंधारात हिरवे ठिपके चमकतात. काचभर चमकत होते, म्हणाला, दिवाळीच्या माळेसारखे. त्यानं आबांचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग कोणालाही न सांगता त्यानं बस धरली, रात्री आठाला धुळ्यात उतरला, प्रेमराज नावाच्या दोस्ताची मोटरसायकल घेतली आणि निघाला. आबांना लक्षणं नसली तर अजून वेळ आहे. माणसाला लक्षणं दिसायला कधी कधी वर्षही लागतं. हेच तो वाटभर स्वतःला सांगत होता. मनात ठरवून ठेवलेलं, आबांना मागं बसवायचं, रात्रीच धुळ्याला न्यायचं आणि पहिली सुई आपल्या डोळ्यांदेखत द्यायला लावायची.

सोनगीर मागं पडलं. मोठा रस्ता सोडून तो आत वळला. दोन्हीकडं कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या. चांदणं मध्यरात्रीनंतरचं, त्यामुळं दिव्याच्या उजेडापलीकडं काही नाही. गावाच्या अलीकडं एक नाला आहे, त्यावर फरशी, म्हणजे ठेंगणा पूल. फरशीवरून वीतभर पाणी वाहतं, पाट सुटला की. त्यानं घड्याळ पाहिलं. नऊ चाळीस.

फरशीच्या अलीकडं माणूस उभा होता.

डोक्याला मफलर, अंगात पांढरा सदरा, हातात दावं. झिपरू आबा. योगराजच्या जिवात जीव आला. म्हणाला मला, नाना, मी देवाचं नाव घेतलं हो त्या वेळी.

त्यानं गाडी थांबवली. "आबा! इथं काय करता एवढ्या रात्री?"

"रिपोर्ट ऊना का, भाऊ?"

आवाज घोगरा होता. थंडीचा असेल, योगराजला वाटलं.

"आला आबा. म्हणून तर आलो. बसा मागं. आत्ता धुळ्याला जायचं."

"काय निंघनं?"

योगराजनं मान खाली घातली. "पिसाळ."

आबांच्या हातातलं दावं ताणलं गेलं. दुसरं टोक अंधारात होतं. तिकडून कोणीतरी ओढत होतं... जड. श्वास ऐकू येत होता. ओला, खरखरीत श्वास.

"आबा, गावात जाऊन तानुबाईंना सांगू आणि निघू. चला."

"पुढे पाणी शे."

"वीतभर आहे आबा. गाडीवर बसा."

"पाणी शे..."

तेव्हा योगराजनं दिवा वळवला. आबांच्या हनुवटीवरून लाळ लोंबत होती. सदऱ्याचा पुढचा भाग ओला झालेला. नाल्याकडून वाऱ्याची झुळूक आली, तसा त्यांचा गळा आवळला. सगळं अंग ताठ झालं. पाण्याचं भय, वाऱ्याचं भय. हे त्यानं पुस्तकात शंभरदा वाचलं होतं. हेही वाचलं होतं की एकदा हे दिसलं की संपलं. मग सुई नाही. औषध नाही. काहीच नाही.

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. लेकरानं पाहावं तसं.

"आते सुई लागू पडी का, भाऊ?"

योगराजला उत्तर माहीत होतं. दोन वर्षं तो तेच तर शिकत होता.

"...पडेल आबा. लागू पडेल."

आबा हलकेच हसले.

"मंग मी वाट देखस."

दावं सैल झालं. ते वळले. पऱ्हाटीत शिरले. एकही काडी वाजली नाही.

योगराज किती वेळ तिथं होता, त्यालाच माहीत नाही. गाडी चालू होती एवढं आठवतं. मग फरशी ओलांडून तो गावात गेला, कारण मागं फिरायचं तर त्याच पऱ्हाट्यांमधून जावं लागणार होतं.

तानुबाई ओट्यावर बसलेल्या. कपाळ मोकळं.

"आबा..." एवढंच तो म्हणाला.

"त्या तर गयात ना, भाऊ. नऊ तारीखले. बारावं बी व्हयी गयं."

तो त्यांच्याजवळ ओट्यावर बसला. तानुबाई चिडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. सांगत राहिल्या. आधी हाताला मुंग्या आल्या. मग पाणी गिळेना. मग पाण्याचा तांब्या दिसला की ओरडायचे. धुळ्याला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी हात जोडले. मग घरी आणलं, दोन दिवस खोलीत अंधार करून ठेवलं.

"शेवटलोंग तेच इचारी ऱ्हायंतात. डॉक्टर भाऊ ऊना का? डॉक्टर भाऊ ऊना का?" आणि मग त्या म्हणाल्या, "तुम्हीन सांगेल व्हतं, मी येसू म्हनीसन. ऊनात. चांगलं व्हयनं."

शिव्या दिल्या असत्या तर पोरगा वाचला असता, असं मला वाटतं.

वाटेत कोण भेटलं ते त्यानं त्यांना सांगितलं नाही. रात्रभर दोघं ओट्यावर बसून होते, एक दिवा लावून. कोणी झोपलं नाही. आवाज नाही, चाहूल नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

पुढं काय व्हायचं? त्यानं कॉलेजात जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. आपला प्रबंध स्वतःच मागं घेतला. मॅडमनी पुष्कळ समजावलं. बापानं पाय धरले. तो आता चोपड्याला बागेत असतो. केळीचे घड कापतो, पण बैलाजवळ जात नाही, गोठ्यात पाऊल टाकत नाही. बोलायला गेलं तर तुझ्या तोंडाकडं बघत बसेल. परवा मी गेलो होतो. दोन तास बसलो. एकदाच बोलला. म्हणाला, "नाना, मी खरं सांगायला हवं होतं का? ते अजून वाट बघतायत."

तुला उत्तर सुचलं तर सांग.

आणि एक सांगायचं राहिलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तेवीस तारखेला पहाटे पाचला योगराजचा फोन आला, आणि मी त्याला घ्यायला गेलो. पोचलो तेव्हा फटफटत होतं. ती दोघं ओट्यावर तशीच बसलेली. ओट्यासमोर दहा पावलांवर ढोरांना पाणी पाजायची दगडी डोणी. अखंड दगडाची, आबांच्या बापानं सोनगीरहून बैलगाडीत आणलेली, चार गडी लागले तरी हलत नाही. तानुबाईंनी संध्याकाळी कालवडीसाठी ती काठोकाठ भरलेली.

डोणी पालथी पडली होती.

मी गावातून चार माणसं बोलावली. पहारी लावून सरळ केली. खाली हात घालून पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. पाण्याचा थेंब नव्हता. माती कोरडी होती... उन्हाळ्यातल्यासारखी भुरभुरीत.