अकरा तांबे

व्यायामाच्या पिशवीवरचा किलोंचा आकडा सहावर पोचला तेव्हा रेणुका अकरावा तांबा ओतत होती.

मोजायचं कारण साधंच होतं. सोलापुरात त्यांच्या भागात पाणी पाचव्या दिवशी यायचं, आज चौथा होता आणि पिंपातलं पाणी तळाला गेलं होतं. काल तर तिने या पिशवीतलं पाणीसुद्धा भांड्यांना वापरून टाकलं होतं. एरवी पाणी आलं की ती सरळ नळीच पिशवीत सोडायची आणि पिशवी "बास" म्हणाली की काढून घ्यायची. आज स्वयंपाकापुरतं उरावं म्हणून तांब्याने ओतलं. तांबा बरोबर लिटरचा, रोजचं दूध त्यातच मापून घेतलेलं. अकरा तांबे म्हणजे अकरा किलो.

पिशवी सहा म्हणत होती.

"थांबू नका, रेणुकाताई," कमरेला चिकटवलेल्या सावधपट्टीचा मऊ आवाज कानात आला. "सहाच किलो. गुडघे सैल सोडा, श्वास सोडत उचला."

रेणुकाने पिशवीला हात लावला नाही.

"काय गं, आज रुसलीस का तिच्यावर?" दारात टॉवेल दुमडत बसलेल्या तिच्या मोठ्या जावेने, भाग्यम्माने, विचारलं.

"अक्का, ही खोटं बोलते."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगतेय? कारखान्यातून फुकट आलेली वस्तू. आज म्हणेल वजन नाही, उद्या म्हणेल दुखणंच नाही. मग बस मशीनवर बारा-बारा तास."

दोन वर्षांचं दुखणं होतं ते. बाळंतपणानंतर मशीनवर बसून टॉवेलच्या कडा शिवताना कंबर धरली ती सुटलीच नाही. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकू नका, पाच किलोच्या वर उचलू नका. तिची लेक चिट्टी त्याच महिन्यात पाच किलोच्या पुढे गेली. तेव्हापासून रेणुका तिला बसूनच मांडीवर घ्यायची. चालायला लागल्यावर कडेवर जायचं म्हणून चिट्टीने आईपुढे बरेच दिवस हात वर केले, मग हळूहळू सोडून दिलं. आता ती हात वर करायची ते भाग्यम्मापुढे. आईच्या पदराचं टोक तेवढं धरून उभी राहायची.

पट्टी आली तीन महिन्यांपूर्वी. स्नायू किती ताणले, कुठे आखडले हे ती कातडीवरून ओळखायची आणि कानात समजावायची. आरोग्य केंद्रात व्यायाम शिकवणाऱ्या रणखांबेताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "धागा तुटला की माग आपोआप थांबतो ना? पण कधी धागा शाबूत असतो आणि तरी माग थांबतो, कारण मागातली थांबवणारी पट्टीच फार हळवी झालेली असते. जुनं दुखणं पुष्कळदा तसं असतं. इजा कधीच भरून आलेली, पण मेंदू अजून घंटा वाजवतोय. त्याला थोडं थोडं वजन उचलून दाखवायचं, की बघ, काही तुटत नाही." रेणुकाला ते पटलं होतं. नवरा यंत्रमागावरच कामाला होता, असले फुकट थांबे तिने घरात रोज ऐकलेले.

पटलं होतं म्हणूनच आता जास्त लागलं. ती पिशवी रिकामी करून, तांबा घेऊन केंद्रात गेली.

रणखांबेताईंनी तिच्यासमोर तांब्याने पाणी ओतलं. आकडा सहा, तांबा अकरावा.

"सगळ्या बायका पिशवी नळाखाली भरतात," त्या म्हणाल्या. "कुणी मोजत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"पट्टीला तुमची भीती कळते. आकडा पाच-सहाच्या वर गेला की हात लावायच्या आधीच तुमची पाठ आखडायची. म्हणून तिने पिशवीवरचा आकडा मागे ठेवला आणि वजन वाढवत नेलं. रेणुकाताई, अकरा किलो तुम्ही गेला आठवडाभर उचलताय. रोज दहा वेळा."

"अकराच का?"

"पहिल्या दिवशी विचारलं होतं, बरं वाटल्यावर काय करायचंय. तुम्ही म्हणालात, लेकीला उचलायचंय."

अंगणवाडीच्या काट्यावर चिट्टी परवाच अकरा भरली होती. रेणुकाचे डोळे भरून आले आणि त्याचाच तिला राग आला.

"मला विचारलं असतं तर?"

"तुम्ही उचललं असतं?"

"नसतं उचललं," ती म्हणाली. "पण ताई, शिकवायचं म्हणजे खरं सांगायचं ना? दुखतंय पण इजा नाही, असं पट्टी रोज सांगते. ते खरं, का या आकड्यासारखंच?"

"ते खरं आहे."

"तुम्ही तपासलंय? का तुम्हालाही तिनंच सांगितलं?"

उत्तर द्यायच्या आधी रणखांबेताईंनी टेबलावर पट्टीचे आकडे दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहिलं. क्षणभरच. पण रेणुकाने ते पाहिलं.

घरी येऊन तिने पट्टी सोलून काढली आणि शिलाई मशीनवर ठेवली. पट्टीचा हिरवा दिवा लुकलुकत राहिला.

"चिट्टी, ये."

चिट्टी आली आणि सवयीने पदर धरून उभी राहिली. रेणुका समोर वाकली, दोन्ही हात पुढे केले. पोरीने आधी भाग्यम्माकडे पाहिलं.

"जा गं, आईच आहे तुझी," भाग्यम्मा म्हणाली. मग आवाज उतरवून, "रेणुका, पट्टी तरी लाव."

"आत्ताच तर तिला शिव्या देत होतीस."

गुडघे सैल. श्वास सोडत. चिट्टीचे पाय जमिनीवरून सुटले आणि ती गळ्याशी येऊन बिलगली, गरम, जड, तेल लावलेल्या केसांची. "अम्मा, उंच!" ती इतक्या नवलाने म्हणाली की भाग्यम्माच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

तेवढ्यात ती कळ आली. डावीकडे, माकडहाडाच्या जरा वर, नेहमीच्याच जागी.

रेणुका जागच्या जागी थांबली. मशीनवर हिरवा दिवा लुकलुकत होता. परत लावून विचारलं तर पट्टी लगेच सांगेल, अगदी मऊ आवाजात. पोरीला खाली न ठेवता रेणुका कान देऊन उभी राहिली, पट्टीकडे नाही, आपल्याच कमरेकडे. धागा तुटला होता, की माग नुसताच थांबला होता? आणि हे आता विश्वासाने विचारायचं तरी कुणाला?