कपाळावरचा टॉर्च

बंदराजवळच्या मुन्हावा वस्तीच्या बाजारात त्या सकाळी दोन हात एकाच टॉर्चवर पडले. कपाळावर पट्ट्यानं बांधायचा तो शेवटचाच टॉर्च. रेडिओवर वादळाची बातमी चाललेली, आणि सोडायला दोघंही तयार नाहीत.

"मी आधी धरलाय," तो म्हणाला.

"हात रिकामेच आहेत ना? मग हातातला घ्या," झुल्मिरानं पट्टा ओढला. "मला सगळी वस्ती शाळेत हलवायचीय."

"माझी आई चालत नाही. पाठीवर घ्यायचंय तिला."

पट्टा तिच्या बोटांतून सुटला. "लावून बघा मग…"

त्यानं टॉर्च कपाळावर चढवला, लावला आणि थेट तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे दिपले.

"अहो! माणसाकडे बघताना दिवा खाली करायचा."

"मग तुम्ही दिसणार कशा?"

दुकानदार खोकला आणि एक लांबलचक टॉर्च पुढे केला. "ताई, हा घ्या. बंदरापर्यंत उजेड!"

"पावसात तो उजेड थेंबांवरूनच परततो. रुंद झोताचा द्या, छोटा."

तिनं तो घेतला, पण या मुठीतून त्या मुठीत बदलत राहिली. त्यानं ते पाहिलं.

"मागच्या पुरात एका हातात टॉर्च होता," ती म्हणाली, "दुसऱ्यात दोर. नेलीता… बहीण माझी… तिच्यासाठी हातच उरला नाही."

अर्मिंदो, एवढं नाव त्यानं सांगितलं, आणि कपाळावरचा दिवा विझवला.

दुपारीच अंधारलं. शेवटच्या घरातली माणसं पुढे धाडून झुल्मिरा निघाली तेव्हा गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. खांबांना बांधलेला दोर चाचपत ती शाळेजवळ पोचली, आणि दोर संपला. पुढचा तुटून वाहून गेला होता. हातातलं टोक तिला सोडवेना.

समोरून कपाळाएवढ्या उंचीवर एक उजेड डुलत आला.

"तुमची आई?" ती ओरडली.

"शाळेत! तुझी वाट बघतेय… म्हणजे, मी बघत होतो."

जवळ येताच अर्मिंदोनं कपाळावरचा दिवा खाली वळवला. मग दोन्ही हात पुढे केले.

नेलीता गेल्यापासून झुल्मिरानं कुणाचा हात धरला नव्हता.

"सुटला तर…?"

"दुसरा आहे."

तिनं आपला टॉर्च विझवून पिशवीत टाकला. पाण्यावरून परतणाऱ्या अंधुक उजेडात त्याचा चेहरा भिजलेला होता, घाबरलेलाही.

"दिवा खाली केला तरी दिसतेस की," तो म्हणाला.

झुल्मिरानं दोर सोडला.