मध्यंतरात भेटलेला नवरा

मध्यंतराचे दिवे लागले आणि ती चहाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. पुढचा माणूस कप घेऊन मागे वळला, तिने सहज वर पाहिलं… आणि समोर चक्क तिचा नवरा!

"अहो… तुम्ही इथे?"

"मी… अं…" त्याच्या कपातला चहा हिंदकळला. "तू दुकानात होतीस ना?"

"आणि तुमच्या त्या कुत्र्याचं ऑपरेशन?"

सकाळी दोघांनीही घरात थाप मारली होती, हे चहावाल्यालाही कळलं असावं. तो गालातल्या गालात हसत होता.

लग्नाला जेमतेम महिना झाला होता. स्थळ त्याच्या आत्याने आणलेलं. तो जनावरांचा डॉक्टर, ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी. माणूस सालस होता, पण… जरा जास्तच सालस! "दमलीस का?" "नाही." "दिवा मालवू?" "हं." एवढं बोलणं झालं की स्वारी पलंगाच्या अगदी कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायची. फोनवर परक्यांच्या मांजरांची चौकशी मात्र किती लाडाने! लग्नासाठी सासूबाईंनी धरलेल्या आग्रहापुढे याचं काही चाललं नसणार, असं तिने मनाशी धरलं होतं. म्हणूनच, कुणाला न सांगता, तिने दुसऱ्या गावच्या शाखेत बदली मागितली होती. ती मंजूर झाली होती, उद्या होकार कळवायचा होता.

तरी जायच्या आधी एकदा बघावं, इतर नव्या जोडप्यांचं कसं जमतं… म्हणून ती नव्या संसारावरच्या या सिनेमाला आली होती. आणि सिनेमा निघाला अगदीच टुकार. त्यातले नवरा-बायको उठसूट एकमेकांना उशा फेकून मारत होते आणि कारण नसताना डोंगरावर जाऊन नाचत होते.

"तुम्ही कशाला आलात?" पुन्हा अंधार झाल्यावर, त्याच्या शेजारी बसत तिने हळूच विचारलं.

"शिकायला," तो पुटपुटला. "बायकोशी काय बोलायचं असतं ते… पण हा बाबा तर नुसता तळ्यात पडतोय."

तिला हसू फुटलं. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं. पडद्यावरचा पिवळसर उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांत बघायची, पण याचे डोळे इतके तपकिरी आहेत हे तिला आत्ता कळत होतं!

"मग भिंतीकडे तोंड का करता?"

त्याने हात मांडीखाली लपवले. मग म्हणाला, "हातांना वास येतो गं… औषधांचा, जनावरांचा. कितीही धुतले तरी जात नाही. तुला किळस वाटेल म्हणून…"

तिने त्याचा हात ओढून घेतला आणि नाकाशी नेला. साबण, कसलंसं कडू औषध, थोडंसं कुत्रं.

"येतो की वास," ती म्हणाली.

तो हात काढून घेऊ लागला. तिने सोडला नाही.

"मलाही काही सांगायचंय," ती म्हणाली. "मी बदली मागितलीये. दुसऱ्या गावी. मला वाटलं… तुम्हाला मी नकोच आहे."

पडद्यावर कुणीतरी गळा काढून रडत होतं.

"त्या गावात मांजरं आजारी पडतात का?" अखेर त्याने विचारलं.

"पडत असतील. का?"

"मग मीही येईन म्हणतो."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "नको. उद्या नाही म्हणून कळवते," ती म्हणाली. तिच्या बोटांत गुंतलेली त्याची बोटं किंचित घट्ट झाली. पुढे सिनेमात काय झालं, ते दोघांनाही ठाऊक नाही.

बाहेर पडले तेव्हा भुरभुर पाऊस होता. घराकडे जाण्याऐवजी तो तिला तिकिटांच्या खिडकीशी घेऊन गेला.

"हाच परत?" खिडकीतल्या बाई चकित झाल्या. "अहो, लोक अर्ध्यातून उठून जाताहेत!"

"शेवट बघायचा राहिला," तो म्हणाला.

"आत्ताही दिसेल असं नाही," ती हळूच म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.