नंतर बघू

श्रीरंग साहेबांचं डोकं त्यांच्याच केबिनमध्ये आग विझवायच्या सिलिंडरने फोडलं होतं. एकदा नाही, चार-पाचदा. भिंतीवर रक्त, फायलींवर रक्त. शेजारी गुडघे टेकून तनय बसलेला, हात कोपरापर्यंत लाल.

बेंगळुरूबाहेर होसकोट्याच्या त्या ब्रेकच्या कारखान्यात इन्स्पेक्टर नयना पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. बाई बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातली, तोंडाची फटकळ. हवालदाराने तनयसाठी बेड्या बाहेर काढल्याच होत्या.

"हाच तो, मॅडम," क्वालिटी विभागातला अवधूत म्हणाला. "काल साहेबांवर ओरडला. 'तुमचं हे नंतर-बघू एक दिवस जीव घेईल' म्हणाला. सगळ्यांनी ऐकलंय."

"खरंय?" नयनाने तनयला विचारलं.

"हो. इथले कॉम्प्युटर मीच सांभाळतो. मशीन अपडेट मागायचं आणि साहेब रोज 'नंतर' दाबायचे. 'नंतर बघू रे, पुणेकर.' वैताग आला होता मला. पण मारीन कशाला?"

"मग इथं कसा?"

"रात्री बाकी सगळी मशीन अपडेट झाली. नवा ब्राउझर आला आणि मालाच्या नोंदींचं आमचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं. उघडलं की कोरं पान. नऊपासून लोक बोंबलतायत. दहाला साहेबांचं मशीन बघायला आलो, तर ते असे. श्वास चालू होता, मॅडम. मी नुसता धरून बसलो." तो रडायला लागला.

नयनाने हॉलमध्ये चक्कर मारली. चौदाच्या चौदा पडदे पांढरेफटक, अवधूतचाही. केबिनमध्ये मात्र सॉफ्टवेअर व्यवस्थित उघडं होतं आणि कोपऱ्यात पाटी होती, अपडेट बाकी.

"तुम्ही कुठं होता?" तिने अवधूतला विचारलं.

"नऊपासून माझ्या जागेवर. नऊ चाळीसला ब्रेकचा लॉट पास केला. रेकॉर्डला आहे."

तिने साहेबांच्या पडद्यावर पाहिलं. रेकॉर्डला होतं. त्याच्या वरच कालची नोंद होती, 'तडे आहेत, लॉट अडवावा. श्रीरंग.'

"सॉफ्टवेअरने त्रास नाही दिला?"

"छे, झकास चाललं."

"सरी, बरं. तनय, हे मोबाइलवर, घरून चालतं?"

"नाही. फक्त या ऑफिसातल्या मशीनवर."

नयना अवधूतसमोर जाऊन उभी राहिली.

"मग ऐका. आज सकाळी सॉफ्टवेअर चालणारं मशीन इथं एकच होतं, साहेबांचं. तुम्ही आल्या आल्या या केबिनमध्ये शिरलात. लॉटवरून भांडलात, साहेब हटेनात, सिलिंडर उचललात. मग याच खुर्चीत बसून, स्वतःच्या नावाने, अडवलेला लॉट पास केलात. रेकॉर्डला माणूस दिसतो, खुर्ची दिसत नाही, असा हिशेब. स्वतःचा कॉम्प्युटर एकदा तरी उघडला असतात तर कोरं पान दिसलं असतं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

अवधूतने झेप घेतली ती तनयच्या नरड्यावर. "तुझ्या अपडेटने घात केला," म्हणत त्याने त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. हवालदाराची लाठी मनगटावर बसली, हाड मोडल्याचा आवाज आला, तेव्हा कुठे पकड सुटली. अवधूतच्या बॅगेत रक्ताने माखलेला शर्ट सापडला.

त्याला ओढत नेल्यावर मशीनने पुन्हा विचारलं. अपडेट आत्ता, की नंतर?

नयनाने हातमोजा चढवला. "काय दाबू?"

वर्षभर 'आत्ता'साठी भांडलेल्या तनयने फुटलेला ओठ पुसला.

"नंतर दाबा, मॅडम," तो म्हणाला. "साहेबांसारखं."