सतराशे सात सालचं बाळ आणि मंगळावरचा जादा दिवस

एकच बाळ तीन वेगवेगळ्या तारखांना कसं जन्माला येईल?

या प्रश्नावरून शलाका मोघे आणि ओजस तांडेल यांचं कडाक्याचं भांडण झालं. दोघंही मंगळावरच्या शिलापूर वसाहतीत वाढलेली, एकाच वर्गातली. पृथ्वीच्या इतिहासातलं एकेक वर्ष शाळेच्या भिंतीवर रंगवायचं होतं. यांच्या वाट्याला आलं सन १७०७. औरंगजेब नगरजवळ मरण पावला ते साल. इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून एक राज्य झालं ते साल. आणि झाडांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं द्यायची पद्धत ज्यानं रुळवली, तो कार्ल लिनियस स्वीडनमध्ये जन्मला तेही याच साली.

लिनियसच्या चित्राखाली शलाकानं लिहिलं, '१३ मे'. ओजसनं ते पुसून '२३ मे' केलं.

"माझं का पुसलंस?"

"चुकलं होतं म्हणून!"

शाळेचा गोलमटोल यंत्रमानव बंब्या मध्ये पडला. "भांडू नका. माझ्याकडे १२ मे अशीही नोंद आहे. तिन्ही बरोबर आहेत."

"तिन्ही कशा बरोबर असतील? बिघडलायस तू!" ओजसनं कुंचला आपटला आणि तो तरातरा निघून गेला.

शलाका रडवेली होऊन हरितगृहात (रोपं वाढवायच्या काचेच्या घरात) आजोबांकडे गेली. तिच्या आईचे वडील वनस्पतिशास्त्रज्ञ होते. टोमॅटोची रोपं बांधता बांधता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला किती दिवस लागतात गं?"

"तीनशे पासष्ट."

"आणि वर जवळजवळ पाव. त्या पावाचं काय करायचं? चार पाव साठले की एक दिवस जादा धरायचा. ते झालं लीप वर्ष (एक दिवस जास्त असलेलं वर्ष). आपल्या पंचांगात नाही का, चंद्राचं वर्ष मागे पडतं म्हणून अधिक महिना घालतात?"

"मग गोंधळ कुठे झाला?"

"तो पाव पुरता पाव नाही, किंचित कमी आहे. जुन्या कालगणनेत (दिवस मोजायच्या पद्धतीत) दर चार वर्षांनी गरजेपेक्षा थोडं जास्तच पडत होतं. रोज मूठभर तांदूळ जास्त शिजवला तर?"

"भात उरत जाईल."

"तसंच शतकानुशतकं उरत गेलं. मग काही देशांनी मधले दिवस गाळून नवी कालगणना धरली. काही जुन्यावरच अडून बसले. १७०७ साली दोन्हींत अकरा दिवसांचं अंतर होतं."

"आणि स्वीडन?"

"त्यांना एकदम उडी नको होती. लीप वर्षांचे जादा दिवस गाळत गाळत चाळीस वर्षांत नव्याला गाठायचं, असं ठरलं. १७०० साली एक दिवस गाळला. पुढे लढाईच्या धामधुमीत बाकीचे गाळायचे राहूनच गेले!"

शलाकानं बोटं मोजली. "म्हणजे जुन्या पद्धतीनं बारा, स्वीडनची एक पुढे म्हणून तेरा आणि नव्या पद्धतीनं तेवीस. दिवस एकच, आजोबा!"

"शाब्बास! शेवटी कंटाळून ते जुन्या पद्धतीकडे परतले. गाळलेला दिवस परत भरायला १७१२ च्या लीप वर्षात त्यांना चक्क तीस फेब्रुवारी पाळावी लागली."

शलाका पळतच ओजसच्या घरी गेली. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली. "माझंही. आणि बंब्याचंसुद्धा."

तिनं सगळं सांगितलं. तीस फेब्रुवारी ऐकल्यावर त्याला रुसून राहणं जमेना, तो खो खो हसला. मग एकदम त्याला काहीतरी सुचलं.

"शलाके, मंगळाला किती दिवस लागतात?"

"मंगळाचे सहाशे अडुसष्ट आणि वर अर्ध्याहून थोडं जास्त."

"आपण ते वरचं सोडून देतो. शेजारची अरुणवाडी दर वर्षी अख्खा दिवस धरते. म्हणून तर त्यांचा संघ सामन्याला आला तेव्हा आपल्या मैदानावर कुणी नव्हतं! उद्या प्राणवायूच्या टाक्यांची गाडी अशी चुकली तर?"

दोघं आजोबांना घेऊन वसाहतीच्या प्रमुख नलिनीताई खोब्रागडे यांच्याकडे गेली. अरुणवाडीचे प्रमुखही पडद्यावर आले.

"दर पाच वर्षांत तीन वर्षं एक दिवस जादा धरायचा," शलाका म्हणाली.

"बसतं," बंब्यानं हिशेब केला. "शंभराहून जास्त वर्षांनी जेमतेम एक दिवस चुकेल. तेव्हा एक जादा दिवस गाळावा लागेल."

"ठीक आहे, हळूहळू करू," अरुणवाडीचे प्रमुख म्हणाले.

"हळूहळू नको, काका!" ओजस उसळून म्हणाला. "स्वीडन हळूहळू करायला गेलं आणि विसरलं. दोन्ही गावांनी एकाच दिवशी बदलायचं."

मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसली आणि त्यांनी ते मान्य केलं.

पहिला जादा दिवस दोन्ही वसाहतींनी मिळून सुट्टीचा ठरवला. राहिलेला सामना झाला, अरुणवाडी जिंकली. संध्याकाळी सगळी मुलं काचेच्या घुमटाखाली जमली. क्षितिजावर पृथ्वी टपोऱ्या चांदणीसारखी चमकत होती.

"तिथं आज काय असेल?" कुणीतरी विचारलं.

"सोमवार," बंब्या म्हणाला. "आणि शाळा."

घुमट दणाणेल इतक्या जोरात मुलं हसली.